मदिनाच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्या

मी, कौसल्या रंगनाथ अंभोरे, वय अडुसष्ट, निवृत्त परिचारिका, राहणार जाफराबाद, जिल्हा जालना, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते आज पूर्ण शुद्धीत आणि आपखुशीने लिहून ठेवते. वकीलसाहेबांचा मसुदा कायद्याने बरोबर होता, पण संपतला तो वाचून आईने असे का केले ते कळले नसते. म्हणून कारणांसह लिहिते.

१. घराविषयी. नोकरी सगळी सरकारी क्वार्टरमध्ये गेली. १९९३ साली निवृत्त झाले, क्वार्टर सोडले आणि मुलगा संपत याच्याकडे पुण्याला गेले. त्यांच्याकडे दोनच खोल्या. सून बेबीनंदा मला कधी वाकडा शब्द बोलली नाही; मी हॉलमध्ये झोपले की ती दिवासुद्धा लावत नसे, अंधारात चाचपडत पाणी प्यायची. ते मला बघवेना. मग औरंगाबादजवळच्या एका वृद्धाश्रमात राहिले. तिथे जेवण वेळेवर, चादरी स्वच्छ. पण मला कोणी काही काम सांगेना. एक दिवस पिशवी भरली आणि एसटीने जाफराबादला परत आले.

इथे खोली मिळेना. श्री. भुजंगराव फदाट यांच्या घरी मागची खोली रिकामी होती. ते म्हणाले, "बाई, तुम्ही एकट्या. उद्या काही झालं तर मी कुठं धावू? पोरगा सोबत राहनार असंल तर मंग बघू." त्यांच्या मुलींची बाळंतपणे मीच केली होती. हे मी विसरलेले नाही, म्हणून इथे लिहिले.

मदिना शेख ही दवाखान्यात माझ्या हाताखाली आया होती. तिला कोणीतरी सांगितले असावे. भर बाजारात तिने मला अडवले. "सिस्टरबाई, गावभर घर हुडकून राह्यल्या आन् मला इचारलंबी न्हाई? माझ्या भिंतीला लागून दिराची जागा इकायला हाय. दोन खोल्या बराबर बसतेत."

माझ्या फंडातून ती जागा घेतली. बांधकामावर पाणी मदिनाने मारले. एक खोली माझी, दुसरी संपत येईल म्हणून.

२. संपत फारसा आला नाही. त्याची नोकरी तशी आहे, माझी तक्रार नाही. ती खोली मी झाडून-पुसून ठेवत असे.

मागच्या उन्हाळ्यात भुजंगराव वळकटी घेऊन ओट्यापाशी उभे राहिले. मुलांनी घर विकून वाटण्या केल्या होत्या आणि म्हातारा कोणाच्या वाट्याला आला नव्हता.

"सिस्टर, खोली रिकामी हाय म्हनं."

"आहे."

"तुम्हाला मी न्हाई म्हनलं होतं."

"माहीत आहे. बसा, किल्ली आणते."

ते बसले नाहीत. उभ्यानेच रडले. मदिना त्यांच्याशी कित्येक दिवस बोलली नाही, पण त्यांच्या वाट्याची भाकरी मात्र भिंतीवरून येत राहिली.

दिवाळीत संपत आला, ओट्यावर झोपला. सकाळी म्हणाला, "आई, ही खोली माझी होती ना?" मी म्हटले, "होती रे. पण तिच्यात माणूस नव्हतं." तो जाताना भुजंगरावांच्या पाया पडून गेला. त्या दिवशी मला तो फार आवडला.

३. तरी घर मी संपतला देते. मात्र मदिना व भुजंगराव हयात असेपर्यंत ते विकू नये. भुजंगरावांना त्यांच्या खोलीतून कोणी उठवू नये. माझी खोली मदिनाच्या ताब्यात राहील. ती एकट्या निवृत्त माणसाला द्यावी, बाई असो की पुरुष, जात-धर्म विचारू नये. येणारे भाडे मदिनाचे. तिने माझ्याइतकीच वर्षे काम केले, पण तिला पेन्शन नाही.

संपत, तू निवृत्त झालास आणि कुठे करमेना, तर माझी खोली रिकामी करून माग. मदिना देईल.

४. पाटल्या बेबीनंदाला. त्या मोडून हॉलला पडदा लावला तरी चालेल.

५. बीपीचे मशीन ओट्यावरच राहू द्यावे. रोज संध्याकाळी गावातले पेन्शनर बीपी बघायला येतात. निम्म्यांना नुसते बोलायचे असते. मशीन भुजंगरावांना शिकवले आहे. ते आकडा नेहमी थोडा कमी सांगतात, माणूस घाबरू नये म्हणून. हे त्यांनी बंद करावे.

६. हे वाचून दाखवले तेव्हा मदिना रागावली. "माझं नाव कशाला लिवता? मी तुमच्या अगोदर जानार." तसे झाल्यास भाड्याचा हक्क तिची सून अकबरबी हिला जावा. पण मदिनाने तसे करू नये, ही माझी इच्छा.

तिला या कागदावर अंगठा द्यायचा होता. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेबांनी समजावले. ती हिरमुसली. म्हणून नमूद करते की, मी सही करताना वाऱ्याने उडणारा हा कागद मदिनाने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

सही: कौसल्या रंगनाथ अंभोरे

आमच्यासमोर सही झाली:
१. अलीम सय्यद, औषध दुकानदार
२. बद्रीनाथ लहाने, निवृत्त शिक्षक

जाफराबाद, दि. ९ फेब्रुवारी २००३