दोन डोळ्यांच्या माद्या

४ मार्च
टाकीत टांगलेल्या पाचव्या टोपलीतली कोळंबीची मादी काणी! काल संध्याकाळी दोन्ही डोळे होते, मी स्वतः बघितलेत. कुन-होंगला हाक मारली. नवरोबांनी टॉर्चसुद्धा न लावता सांगितलं, "जाळीत अडकून तुटला असेल." असेल.

५ मार्च
नाही पटत. जाळीत अडकला तर डोळ्याचा देठ फाटतो, लोंबतो. हा नखांनी चिमटून मुळापासून काढलाय.

डोळा काढणं या घरात नवीन नाही म्हणा. बाबांची हयात त्यात गेली. कोळंबीच्या डोळ्याच्या देठात एक हार्मोन असतं, ते मादीला अंडी धरू देत नाही. मादी ओल्या फडक्यात गुंडाळायची, एक देठ चिमटायचा — आठवड्यात पाठ हिरवीगार, अंडी भरलेली. इथे तुंगकांगला सगळे हेच करतात. पण यंदा मी तैनानच्या ल्याओबाईंना शब्द देऊन बसलेय, पिलं देईन ती दोन्ही डोळ्यांच्या आयांची. त्यांची कोळंबी युरोपात जाते आणि तिकडचं गिऱ्हाईक आईचे डोळे विचारतं म्हणे. बाई स्वतः बघायला येणार आहेत. एक जरी काणी दिसली तरी ऑर्डर गेली, आणि ऑर्डर गेली की बाबांचं हे कोळंबीच्या पिलांचं केंद्र विकायचं.

कुन-होंगला हे पहिल्यापासून पसंत नाही. "किडे चारायचे, काळोख करायचा, वाट बघायची... अगं, डोहाळजेवण घालतेस का त्यांना?"

मग त्यानंच तर नाही?

७ मार्च
एकाही मादीची पाठ हिरवी नाही. बाबांना पेज भरवताना रडू आलं. "यंदा अंडी भरली नाहीत तर विकावं लागेल हो बाबा," म्हटलं. ते भिंतीकडे बघत होते. पक्षाघातानं उजवं अंग गेलं, वाचा गेली, आता समजही गेली असं डॉक्टरांचं मत. एका परीनं बरं आहे. हे सगळं त्यांना कळत नाही.

९ मार्च
बाबांना सांभाळणारी लास्त्री सांगत होती, "ताई, आजोबा हल्ली कपडे ओले करतात. दुपारी मी नमाज पढून येते तर मांडीवरचा पंचा ओलाचिंब." डायपर आणले. बांधताना बाबांनी डाव्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं, सोडेनात. फार वाईट वाटलं.

१० मार्च
आणखी एक काणी. आठवी टोपली.

आणि दोघींचा उजवाच डोळा गेलाय. आमच्या घरात कायम डावा. उजव्या हाताच्या माणसाच्या चिमटीत डावाच येतो. उजवा काढणारा इथे एकच — डावखुरा कुन-होंग. तो घरजावई होऊन आला तेव्हा बाबा चिडवायचे, "जावयाच्या माद्या उलट्या काण्या!"

तोंडावर नुसती थट्टा करायची आणि मागून हे उद्योग. रात्री त्याची नखं बघितली. स्वच्छ आहेत. धुतली असणार.

११ मार्च
जेवताना विचारलंच. त्यानं काड्या खाली ठेवल्या.
"चिमटायचंच असतं तर तुझ्या नाकासमोर चिमटलं असतं. भितो का मी तुला?"
"मग कोणी केलं? देवळातल्या देवीनं?"
"बारा वर्षं तुझ्या बापाच्या टाक्या घासतोय मी," एवढंच म्हणाला. स्कूटर काढली आणि लिनपियनला आईकडे गेला.

जाऊ दे. खरं बोलत असता तर थांबला असता.

१२ मार्च
फोन नाही. मीही केला नाही.

१४ मार्च
सकाळी टोपल्या तपासल्या, सगळ्या ठीक. दुपारी पुन्हा गेले तर तिसरीतली काणी. उजवा डोळा. जखम ताजी.

कुन-होंग लिनपियनला आहे. त्याच्या आईला काहीतरी निमित्त काढून विचारलं. म्हणाली, सकाळपासून छपरावर पत्रे ठोकतोय.

मग लास्त्री? ती जिवंत कोळंबी बघून किंचाळते. पण नाटक करत असेल तर? विचारलं, दुपारी टाक्यांकडे कोण होतं? ती रडायलाच लागली. "कोणी नाही, ताई. मी नमाजाला गेले होते. आजोबांची खुर्ची तेवढी टोपल्यांजवळ लावते मी. तिथे गार असतं, शांत बसतात."

कोणी नाही म्हणे!

१५ मार्च
धुवायच्या बादलीतून बाबांचा पंचा काढून हुंगला. समुद्राचं पाणी. घडीत कोळंबीची तुटकी मिशी अडकली होती.

मादी पंचात गुंडाळून मांडीत दाबून धरायची आणि चालतो त्या डाव्या हातानं चिमटायचं.

बाबांना सगळं कळतं, विकावं लागेल तेही. मी त्यांना डायपर बांधले.