एकसष्ट मालकांची भांडी

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
सामानसुख सेल्फ स्टोरेज,
पळस्पे फाटा, ता. पनवेल.

अर्जदार : श्रीमती पारू चांगो घरत, वय ६६, रा. उलवे.

विषय : स्वतःच्याच संसाराची भांडी ताब्यात मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या संगणकाने अर्जदाराच्या मोबाईलवर पाठविलेले अकरा नकार.

महोदय,

१. उलव्याचे जुने घर पाडून नवे बांधायला काढले, तेव्हा अर्जदाराने सगळा संसार आपल्याकडील खोली क्र. ११८ मध्ये आणून ठेवला आणि दोन वर्षे भाड्याच्या खोलीत चार भांड्यांवर काढली. आता घर उभे राहिले आहे. रविवार, दि. २३ रोजी वास्तुशांत आहे. आपल्याच भांड्यांत शिजवून गावाला जेवू घालायचे, एवढी एकच हौस अर्जदाराने धरली आहे.

२. सामान परत मागताच आपल्या कर्मचारी कु. समीक्षा एकेका नगाची नोंद करू लागल्या. ठेवीदाराने फक्त स्वतःच्या मालकीचे सामान ठेवावे, असा करारातील नियम ९ आहे. संगणकात 'मालकाचे नाव' असा रकाना होता आणि भांड्यांवर नावे कोरलेली होती. कु. समीक्षा यांनी ती इमानेइतबारे भरली. परिणामी एका विधवा बाईच्या संसाराला एकसष्ट मालक निघाले, आणि प्रत्येकाचे संमतीपत्र येईपर्यंत खोलीला कुलूप लागले.

३. महोदय, आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव घालतात, हे आपल्या घरच्या मांडणीवरही दिसेल. कु. समीक्षा यांनाही ते मान्य आहे. "आजी, मला पटतंय हो, पण सिस्टीम घेत नाही," असे त्या कळवळून म्हणाल्या. त्यावर अर्जदार म्हणाल्या, "भांडी माजी हायत, नाव देनाऱ्याचा हाय. तुज्या सिस्टीमचा लगीन झाला नाय वाटतं?" सदर प्रश्न आपल्या संगणकाकडे वर्ग करावा, ही विनंती.

४. तरीही नियमाचा मान राखून अर्जदार गावोगाव सह्या गोळा करीत फिरल्या. उरणच्या इक्बालभाईंनी लग्नात डेग दिली होती. "पारूबाय, डेग तुमचीच, इजाजत कसली? दावतला बोलवा म्हणजे झालं," म्हणत त्यांनी सही केली. मामा कै. रमेश यांच्या हंड्याचे मात्र विपरीत झाले. असा हंडा होता हे त्यांच्या चार मुलांना ठाऊकच नव्हते. आता चौघेही तो मागत आहेत. एकंदर चौदा मालक मयत असून संगणक त्यांच्या मोबाईलवर ओटीपी पाठवू म्हणतो. सदर अर्जलेखक एकतीस वर्षे तहसील कचेरीबाहेर बसतो. सरकारनेही मेलेल्या माणसाला इतका त्रास दिलेला त्याने पाहिलेला नाही.

५. नणंद रोहिणी यांनी सही दिली नाही. त्यांचे नाव असलेली पितळी परात आहेराची नव्हेच. बारशाला उसनी आणली, ती राहून गेली, आणि त्यापायी दोघींत एकोणीस वर्षे अबोला होता. येथे आपल्या संगणकाची शंका बरोबर निघाली, हे अर्जदार खाली मान घालून कबूल करतात. परात रोहिणी यांना देण्यात यावी. सहीसाठी दारात गेल्यावर दोघी आधी भांडल्या, मग रडल्या, मग जेवल्या. याबद्दल अर्जदार आपल्या कार्यालयाच्या मनापासून ऋणी आहेत.

६. सगळे सामान तारखेपर्यंत सोडणे शक्यच नसेल, तर निदान एक पातेले सोडावे. नव्या घरात आधी दूध उतू जाऊ देतात. ते पातेले अगदी मागच्या पत्र्याच्या पेटीत आहे. तिथवर नोंद पोहोचण्याआधीच संगणक अडला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कै. चांगो यांनी ते बाजारातून आणले. त्यांनी त्यावर ना स्वतःचे नाव घातले, ना घरत हे आडनाव. दोनच अक्षरे कोरून घेतली : पारू. तेव्हा नियम ९ प्रमाणे ते अर्जदाराचेच आहे आणि त्याला कोणाची संमती लागत नाही. अर्जदारास वाचता येत नाही, हे खाली दिसेलच. पण ती दोन अक्षरे त्यांच्या बोटांना पाठ आहेत. डोळ्यांना पट्टी बांधून, साऱ्या भांड्यांतून तेवढे एक काढून दाखवायला त्या तयार आहेत. खोली उघडावी.

खोलीच्या दाराशी हजर राहणारी, आपली नम्र,
पारू चांगो घरत (निशाणी डावा अंगठा)

पनवेल, दि. १४ नोव्हेंबर २०२५

अर्ज वाचून दाखविला. बाईंनी शेवटचा परिच्छेद दोनदा ऐकला.
— दीनानाथ, अर्जलेखक

सोबत : संमतीपत्रे ४६, मृत्यूचे दाखले १४, नकार १ (परात).