स्टोअररूममधलं लिंबू

३ मार्च
बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेली. जाताना घरातल्या कामांबद्दल चकार शब्द नाही. फक्त लिंबाकडे लक्ष दे म्हणाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतली ती कुंडी सासूबाईंची. चहात पिळलेल्या लिंबाची बी त्यांनी सहज मातीत खोचली होती. गेल्या वर्षी त्या गेल्या, झाड राहिलं. अजून फूल नाही की फळ नाही. आई रोज त्याच्याशी बोलायची, तूही बोल, असं बायको म्हणाली. मी हो म्हटलं. पण मी झाडांशी बोलणाऱ्यांतला नाही. मी रिझल्ट देणाऱ्यांतला आहे.
संकल्प: ती परत यायच्या आत लिंबाला फूल.

४ मार्च
ऑफिसात ‘फिशटँक’शी चर्चा. (अकाउंट्समधला. घरी मासे पाळतो, दिवसभर त्यांच्याबद्दलच बोलतो.) त्याच्या मते घरातली झाडं उपाशी असतात ती कार्बन डायऑक्साइडसाठी. टाकीतल्या झाडांसाठी तो हा गॅस घरीच बनवतो. बाटलीत साखर, कोमट पाणी, यीस्ट, आणि झाकणातून नळी. यीस्ट साखर खातं, गॅस सोडतं. सासूबाई इतकी वर्षं नुसतं पाणी घालत बसल्या! गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण अभ्यास कमी पडला.

७ मार्च
स्टोअररूम रिकामी केली. आतलं सामान तात्पुरतं पलंगावर. मी तात्पुरता सोफ्यावर. भिंतींना चकचकीत फॉइल, वर झाडांसाठीचा खास दिवा, दाराच्या फटींना टेप. गॅस निसटता कामा नये. कुंडी आत नेताना एक फांदी चौकटीला अडकून मोडली. लहानच होती. टेपने जोडली.

८ मार्च
बाटली चालू. नळीतून बुडबुडे! बायकोचा फोन आला, पण सांगितलं नाही. सरप्राइज. लिंबू कसं आहे, तिने विचारलं. मजेत, म्हणालो. फांदीचं तिने विचारलं नव्हतं.

११ मार्च
रोज सकाळी बाटलीत ताजी साखर आणि कोमट पाणी. पाण्याला बोट लावून बघतो, फार गरम झालं तर यीस्ट मरेल. एवढी काळजी मी स्वतःच्या अंघोळीच्या पाण्याची घेत नाही. आत फॉइलवरून पाण्याचे ओघळ वाहतायत. म्हणजे ओलावा भरपूर. कुंडीला वेगळं पाणी घालायची गरज नाही. एक काम वाचलं.

१४ मार्च
पानं जरा वळलीत. गॅस कमी पडतोय. दुसरी बाटली जोडली. साखर संपली. चहा बिनसाखरेचा. त्याग.
बायकोने लिंबाचा फोटो मागितला. पाठवला. मागच्या वर्षीचा, हिरवागार. हे खोटं नव्हे, झाड तेच आहे. तिने खाली लिहिलं, आईला बरं वाटलं असतं. झोप नीट लागत नाही. सोफ्यामुळे असेल.

१६ मार्च
बाटली उतू गेली. सगळा फेस कुंडीत. मुंग्यांची रांग. पानं गळाली. गोळा केली, पण टाकवेनात. एक चुरगळून हुंगलं, तर सासूबाईंच्या हाताचा वास. त्या मला कधी टोचून बोलल्या नाहीत. मी नळ दुरुस्त करायला घेतला की नळाची वाट लागायची. त्या गुपचूप प्लंबरला बोलवायच्या आणि बायकोला सांगायच्या, जावयांनी केला. हे आजच का आठवावं?

१७ मार्च
यीस्टवर विसंबणंच चूक. माणसाच्या श्वासात हा गॅस असतोच, तोही फुकट! स्टूल घेऊन आत बसलो आणि झाडावर उच्छ्वास सोडले. नुसतं फुंकून दम लागला. बोललं की श्वास आपोआप बाहेर पडतो. म्हणून बोललो. निव्वळ शास्त्रीय कारणासाठी. सतरापर्यंत पाढे म्हटले.

१९ मार्च
पाढे संपले. मग ऑफिसच्या तक्रारी. मग फांदीचं सांगितलं. मग फोटोचं. डोकं दुखतंय, डोळ्यांतून पाणी येतंय. म्हणजे गॅसचं प्रमाण बरोबर आहे.

२१ मार्च
आजही आत बसलो होतो. सासूबाई, तुमचं एवढं एक काम होतं आणि मी त्याचीही माती केली, मला तुमच्या मुलीला तोंड दाखवायला जागा नाही, असं काहीतरी म्हणत होतो. तेवढ्यात टेप टरटर फाटली. दारात बायको, खांद्याला बॅग. दोन दिवस आधीच आली. केव्हापासून ऐकत होती, विचारायची हिंमत झाली नाही.
तिने मातीत बोट खुपसलं. बोट जाईना. पाणी कधी घातलंस, तिने विचारलं. मी भिंतींकडे बोट दाखवलं. तिने फॉइलवरचा एक ओघळ बोटाने पुसला. मग म्हणाली, आई बोलायची हे खरं, पण ती पाणी घालता घालता बोलायची.

६ एप्रिल
झाड परत खिडकीत. सुकलेल्या फांद्या तिने छाटल्या. मला एका शब्दाने बोलली नाही, त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं. आज बुंध्याशी तांदळाएवढा हिरवा कोंब दिसला. गॅसचा परिणाम उशिरा दिसतो, असं फिशटँक म्हणाला होता. म्हणाला नव्हता.
संध्याकाळी बायको बहिणीशी फोनवर बोलत होती. आईचं लिंबू गेलंच होतं, पण यानेच वाचवलं, असं सांगत होती. मी ओट्यापाशी उभा होतो. ऐकलं आणि नळ आठवला. फार लाज वाटली. काहीतरी करायला हवं म्हणून तांब्या भरून लिंबाला पाणी घातलं. मग आणखी एक.
फोन बाजूला धरून ती ओरडली, की सकाळीच घातलंय, आता बुडवून मारतोस का त्याला. पलीकडून बहिणीने काय झालं विचारलं असावं. तिला म्हणाली, काही नाही गं, झाडाशी बोलतेय.