एलरॉयचं धनुष्य सैल कोणी केलं

वर्नर भावजींना,

लिओनावहिनीचे अनेक आशीर्वाद. (वयानं मी तुमच्याहून धाकटी आहे हे ठाऊक आहे, पण नात्यानं मोठी आहे, तेव्हा निमूटपणे घ्यावेत.) तुमचा गुडघा आता कसा आहे? नॉर्मा फोनवर म्हणाली की दिवसभर धनुष्यांच्या दुकानात उभे राहता आणि संध्याकाळी घरी येऊन तिच्यावर खेकसता. खेकसणं चालू आहे म्हणजे प्रकृती उत्तम असणार, असं धरून पुढे लिहिते.

इकडे सगळं क्षेम आहे. पाऊस नाही, ओढ्यात पाणी जेमतेम घोट्यापर्यंत, पण पीच यंदा दृष्ट लागण्यासारखे आलेत. नॉर्मासाठी मुरांब्याच्या बरण्या बाजूला ठेवल्यात. चितळांचे नर ओरडायला लागलेत, एकमेकांना शिंगं दाखवत दिवसभर मिरवतात. काळविटांच्या माद्यांना पाडसं झाली. त्या आडदांड नीलगाईनं पुन्हा कुंपणाला धडक दिली; कुंपण वाकलं, तिला ओरखडासुद्धा नाही. तुमच्या आजोबांनी ही परदेशी जनावरं इथं आणून सोडली, तेव्हा शेजारी म्हणाले होते म्हणे की आपल्या टेक्सासच्या उन्हात ही आठवडाभरही टिकायची नाहीत. आता शेजाऱ्यांची गुरं ओकच्या सावलीत जीभ काढून पडलेली असतात आणि आमची चितळं भर दुपारी मका खात हिंडतात.

आता तुमच्या बंधुराजांबद्दल. त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं हे तुम्हाला माहीत आहे. कशामुळे झालं हे मात्र माहीत नसणार, कारण येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते सांगतात की नीलगाईच्या नराशी झटापट झाली. नीलगाय वगैरे काही नाही, आंघोळीच्या टबातून बाहेर येताना पाय घसरला. (मी सांगितलं म्हणू नका.) ऑपरेशन झकास झालं. पण डॉक्टर म्हणाला, धनुष्य विसरा, हवं तर मासे धरा.   एलरॉय व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायला लागले. हवामान सांगणाऱ्या त्या टीव्हीवरच्या पोराशी भांडणं बंद. माझी कॉफी पाणचट आहे ही तक्रार बंद. पैसे मोजून शिकारीला येऊ पाहणाऱ्या पाहुण्यांचे फोन आले की म्हणायचे, लिओनाला विचारा. आणि एके दिवशी मला हाताला धरून बाहेर नेलं आणि पाण्याच्या पंपाची कळ कुठे आहे, कुंपणाचा करंट कुठून बंद होतो, जनावरांपुढे दाणे उडवणारं मक्याचं यंत्र अडकलं तर कुठे ठोसा द्यायचा, हे सगळं शांतपणे समजावून सांगायला लागले. मी हो हो म्हटलं, घरात आले, पीच-पायच्या पारीचं पीठ मळायला घेतलं आणि त्यात डोळ्यांतलं पाणी इतकं पडलं की मीठ घालावंच लागलं नाही. मला पंप शिकायचा नव्हता भावजी. मला हे हवे होते.

म्हणून मी त्यांचं धनुष्य सैल केलं. कपाळाला हात लावू नका, ह्या पापात तुमचाही वाटा आहे. त्या ख्रिसमसला जेवणाच्या टेबलावर दोन चमचे आणि एक दोरा घेऊन तुम्हीच अर्धा तास शिकवलं होतं, की टोकांना चाकं असतात त्या धनुष्याच्या दोन्ही दांड्या मुठीपाशी एकेका स्क्रूनं आवळलेल्या असतात, स्क्रू ढिले केले की ओढायला हलकं. (सगळे पेंगत होते. मी एकटी ऐकत होते, कारण चमचे माझ्या आईचे होते.) तेव्हा हे दुपारी झोपले की मी स्क्रू फिरवायची ॲलन-की घेऊन धनुष्य टांगलेल्या शेडमध्ये जायचं ठरवलं. पहिल्या दिवशी उलट्या दिशेनं फिरवले. दुसऱ्या दिवशी ह्यांनी खूप दिवसांनी धनुष्य हातात घेतलं, मी खिडकीतून बघत होते, आणि दोरी वीतभरसुद्धा सरकेना. त्यांनी धनुष्य खुंटीला अडकवलं, आत आले आणि भर दुपारी भिंतीकडे तोंड करून निजले. मीच माझ्या हातानं त्यांना मारलं असं मला वाटलं. त्यानंतर मात्र बरोबर दिशा पकडली. फक्त वरचाच स्क्रू फिरवला हा भाग वेगळा. खालचाही तितकाच फिरवायचा असतो हे तुम्ही बहुधा मी बटाट्याचं सॅलड आणायला उठले तेव्हा सांगितलं असावं. त्या दिवशीचा बाण शेजारच्या मिसेस ऑटमर्सच्या वाळत घातलेल्या चादरीत सापडला. त्यांना वाटलं पाहुण्यांपैकी कोणी मारला, आणि मी त्यांना तसंच वाटू दिलं.

पण नंतर जमलं हो! ईस्टरनंतर एके सकाळी ह्यांनी दोरी गालापर्यंत ओढली, बाण सोडला आणि घराकडे वळून बघितलं. ते तोंड तुम्ही बघायला हवं होतं. त्या दिवशी माझी कॉफी पुन्हा पाणचट झाली. मी इतकी खूश झाले की रोज थोडे थोडे सैल करत गेले. आता धनुष्य हलकं झालं की बाण खाली पडतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मला नव्हतं. बाण लक्ष्याच्या अलीकडे जमिनीत रुतायला लागले आणि ह्यांचं तोंड पुन्हा उतरायला लागलं. मग मी नेमासाठी उभं केलेलं फोमचं हरीणही पुढे आणायला लागले. (त्या हरणाचं नाव आम्ही गुस्ताव ठेवलंय, तुमच्या गुस्ताव काकांवरून. तेही असेच न बोलता उभे राहायचे.) रोज पाऊलभर, फार तर दोन पावलं. महिन्याभरात गुस्ताव कुरणातून निघून माझ्या गुलाबांच्या वाफ्यापाशी येऊन उभा राहिला. एका सकाळी खऱ्या चितळाचा एक तरणाबांड नर थेट व्हरांड्यापर्यंत आला आणि शिंगं रोखून त्याच्यावर तुटून पडला, तेव्हा माझी गुलाबाची दोन झाडं आणि गुस्तावचा कान गेला.

ह्यातच ह्यूस्टनहून एक तरुण दंतवैद्य शिकारीला आला. गुणी मुलगा, आईवडिलांनी वळण लावलेलं. ह्यांच्यासमोर त्यांच्या धनुष्याचं कौतुक करावं म्हणून त्यानं ते खुंटीवरून काढलं आणि दोन बोटांनी हनुवटीपर्यंत ओढलं. तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्या पायावर पाय दिला, जोरात. "फारच कडक आहे हो, काका," तो पोरगा म्हणाला. त्या मुलाला मी जाताना अख्खा पीच-पाय बांधून दिला.

आता मुख्य गोष्ट. दरवर्षी हंगामातलं पहिलं चितळ एलरॉय बाणानं मारतात आणि त्याचं सॉसेज चर्चच्या जेवणाला जातं. यंदा चर्चमधल्या बायका मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारत होत्या, "एलरॉयला जमेल ना गं?" तो आवाज मला ऐकवेना. मी छाती फुगवून सांगितलं, का नाही जमणार? आणि घरी येताना गाडीत मला घाम फुटला. गुस्तावला हलका बाण चालतो. जिवंत जनावराला तो नुसता रुतेल आणि ते रक्त सांडत झुडपांत जाऊन दिवसभर तडफडेल. जनावर जखमी करून सोडणाऱ्या पाहुण्याला एलरॉय त्याच दिवशी सामान बांधायला लावतात. स्वतःच्या हातून तसं झालं असतं तर त्यांनी पुन्हा खुर्ची धरली असती, आणि ह्या वेळी मला ती सोडवता आली नसती.

रविवारच्या पहाटे हे निघाले. मी म्हटलं, मीही येते. म्हणाले, "तू? तुला तर आडोशात बसलं की शिंका येतात." मी थर्मास घेऊन मुकाट्यानं मागून गेले. ओढ्याकाठच्या आडोशात आम्ही दोघं दोन घडीच्या खुर्च्यांवर बसलो, गुडघ्याला गुडघा लावून. मक्याचं यंत्र फिरलं, दाणे उडाले, आणि समोर तोच नर आला, शिंगावर गुस्तावच्या कानाचा तुकडा मिरवत. एलरॉयनी बाण लावला. दोरी ओढली, किती सहज ओढली! मी मनात म्हणत होते, खोक, शिंक, काहीतरी कर. नेमकी शिंक येईना.

"अहो, सोडू नका!" मी ओरडलेच. "स्क्रू सैल आहेत. मी केलेत."

त्यांनी मान वळवली नाही. दोरी हळूहळू, अगदी सांभाळून पुढे जाऊ दिली.

"कधीपासून?"

"ईस्टरच्या आधीपासून."

"अरे देवा," ते म्हणाले. "मी पण."

भावजी, आम्ही दोघंही ते धनुष्य सैल करत होतो! मी दुपारी, हे सकाळी. आणखी थोडं फिरवलं असतं तर ते त्यांच्या हातातच सुटं झालं असतं. मी विचारलं, तुम्ही कशाला? तर म्हणाले, "तू खिडकीत उभी असायचीस. माझा हात थरथरला की तुझं तोंड एवढंसं व्हायचं. मला नाही बघवलं." मग हसायला लागले, मीही हसायला लागले, आणि जरा वेळानं आमच्यातलं कोण हसतंय आणि कोण रडतंय ते कळेना. मी त्यांचा दुखरा खांदाच घट्ट धरला होता, तरी त्यांनी तो सोडवून घेतला नाही. इतकं प्रेम मला लग्नाच्या दिवशीसुद्धा आलं नव्हतं. (त्या दिवशी बूट चावत होते.) चितळानं एकदा मान वर करून आमच्याकडे बघितलं, उरलेला मका संपवला आणि सावकाश निघून गेलं. मग आम्ही घरी येऊन न्याहारी केली.

तर असा सगळा मजेचा प्रकार. नॉर्माला नमस्कार, मुलांना पापा.

तुमची,
लिओनावहिनी

ता. क. : चर्चला सॉसेज तर द्यायलाच हवं. येत्या शनिवारी तुमचं धनुष्य घेऊन या. तुमच्या डोळ्यांना लांबचं दिसत नाही, अंतर सांगायला शेजारी एलरॉय हवाच, असं म्हणा. जनावर ते निवडतील, बाण तुम्ही मारा. ही युक्ती माझी आहे हे त्यांना कळता कामा नये.

आणखी एक ता. क. : कळलं. पत्र मीच त्यांच्याकडे स्टँप लावायला दिलं होतं. म्हणतात, वर्नरची दृष्टी घारीची आहे, पण येऊ दे. फक्त येताना दुकानातून एक हलकं, बायकांच्या उंचीचं धनुष्य आण म्हणावं, लिओनाला शिकवणार आहे. मी म्हटलं, ह्या वयात? तर म्हणाले, "रोज गुस्तावला ओढून ओढून दंड चांगले तयार झालेत की तुझे." म्हणजे तेही ठाऊक होतं.

अगदी शेवटचं, आणि हे त्यांनी वाचलेलं नाही : काल झाडूचा दांडा हातात देऊन त्यांनी मला कसं उभं राहायचं ते शिकवलं. स्वतः मागे उभे, माझ्या कोपराखाली हात, कानाशी तोंड, "श्वास सोड, घाई नाही" म्हणत. जेवायची वेळ टळली तरी दोघांच्याही लक्षात आलं नाही. तेव्हा भावजी, धनुष्य चांगलंसं आणा. पण माझा नेम बरा आहे असं चुकूनही म्हणू नका. मी निदान पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चुकणार आहे.