आयेच्या डोक्यातल्या तारेसाठी

तर कुंडलिकदादा, तू परत तेच लिहिलंस. आयेच्या अंगात देवी येते, तिच्या डोक्याला भोक पाडू दिलं तर घराचं वाटोळं होईल. तीन पत्रं झाली, तेच. आता तुला पत्र लिहीत नाही. हा कागद लिहितो, कारण हा कोर्टात चालतो असं इथला माझ्या खोलीतला दौलत म्हणतो.

मी आनंदा दामाजी नाखवा, वय सव्वीस, सातवी नापास, राहणार चेंदणी कोळीवाडा, ठाणे, सध्या अबुधाबीत परांचीवर कामाला. मी शुद्धीवर आहे. प्यायलेलो नाही. कोणी धमकावलेलं नाही. आज शुक्रवारची सुट्टी आहे म्हणून बसलोय. मी मेल्यावर माझं जे आहे त्याचं खालीलप्रमाणे करावं.

एक. घर. आमच्या घरातला माझा अर्धा हिस्सा मी तुळसावैनीला देतो, दादाला नाही. दादा, तोंड वाकडं करू नकोस. तुझीच बायको आहे. आयेला घास भरवते ती, हनुवटी पुसते ती, वेणी घालते ती. अट एकच. ओटीवर आयेसाठी मांडलेला पाट उचलायचा, आणि मंगळवारी-शुक्रवारी बाया येतात त्यांना सांगायचं की हे बंद झालं.

हे कसं सुरू झालं ते कोर्टाला माहीत नसणार. आठ वर्षांपूर्वी पालखीला आयेच्या हातात आरतीचं ताट होतं. हात हलायला लागला, मान एका बाजूला गेली. शेजारची हौसाबाई ओरडली, "अगं आली गं, आई आली!" आणि सगळ्या पाया पडल्या. आये म्हणत होती, "मी काय नाय करत गं, हात आपसूक हलतोय." ते कोणी ऐकलं नाही. मग खण, नारळ, अकरा-अकरा रुपये. मासळी बाजारातली तिची जागा दादाने सोडून दिली. "देवी काय पापलेटं विकते?" म्हणाला. नारळ दुपारी परत वाण्याला जायचे. पिशवी भरून मीच नेऊन द्यायचो. त्यातून मी पँट शिवली. खरं आहे म्हणून लिहिलं.

दोन. होडी. तिच्यातला माझा अर्धा भाग विकून पैसे बँकेत ठेवावेत. डोक्यातल्या तारेला छातीत बॅटरी असते. ती काही वर्षांनी संपते, नवी बसवावी लागते. ते पैसे त्यासाठीच. छपरासाठी नाही, मोटारसायकलसाठी नाही.

तारेचं कोणी सांगितलं ते पण लिहितो. गेल्या वर्षी मी सुट्टीवर आलेलो, तेव्हा आयेला रिक्षाने नौपाड्यात डॉ. बिवलकरांकडे नेलं. ते मेंदूचे डॉक्टर, ज्यांचे हातपाय आपोआप हलतात असेच पेशंट जास्त बघतात. त्यांनी विचारलं, "सगुणाबाई, झोपेत हात हलतो का?"

"नाय."

"मग या कागदावर मला एक जिलबी काढून दाखवा."

आयेने काढली. फाटलेल्या जाळ्यासारखी आली. डॉक्टरांनी तो कागद बघितला. म्हणाले, "हा आजार आहे. आधी गोळ्या देऊन बघू. नाहीच भागलं तर मेंदूत बारीक तार घालतात आणि तिच्यातून अगदी थोडी वीज सोडतात. आपल्याकडे हे आत्ता आत्ता सुरू झालंय. धोका आहे, हात थांबेलच अशी खात्री मी देत नाही. ऑपरेशनच्या वेळी तुम्ही जाग्या असणार. मी शेजारी उभा राहून तुम्हाला जिलब्या काढायला लावणार."

"मंग खायला पन देताव काय?" आये म्हणाली. डॉक्टर हसले.

दादा, तू बाहेर बाकावर बसून हे ऐकलंस, आत आलास आणि त्यांच्यासमोर माझ्या थोबाडीत मारलीस. ते मी माफ केलेलं नाही. राग पण राहिलेला नाही. काहीच वाटत नाही.

वर्षभर गोळ्या झाल्या. फरक नाही, असं डॉक्टरांचं पत्र आलंय.

तीन. माझे पाने, पट्टा आणि बूट दौलतला. एका पान्याला दोरी बांधलेली आहे. जूनमध्ये तो हातातून सुटून नऊ मजले खाली गेला. खाली कोणी नव्हतं. तेव्हापासून मनगटाला बांधतो. नौपाड्यात फॉर्मवर सही करताना डॉक्टरांनी माझा हात धरलेला. "तुमचं हे कधीपासून?" मी म्हटलं, रिक्षात दांडा धरून अवघडलाय. ते म्हणाले, "एका घरात दोघांना असू शकतं. उद्या एकटे या." मी गेलो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी विमान होतं. इथे मार्चमध्ये कंपनीची तपासणी आहे, तिच्यात कळेल आणि काढून टाकतील. तोवर चढतो. पडलो तर कंपनी जे देईल ते आयेच्या नावावर करावं.

चार. ऑपरेशन करायचं की नाही ते आयेला विचारावं. दादाला नाही, मला पण नाही. तिने एकदा सांगितलेलं आहे. नौपाड्याहून परत येताना रिक्षात ती म्हणाली, "हात थांबला तं बाया येतील काय रं?"

मी म्हटलं, "नाय येनार."

स्टेशन आलं. मग म्हणाली, "मंग मासली इकीन."

हेच तिचं म्हणणं धरावं.

पाच. तार आणि बॅटरीच्या मशीनचे निम्मे पैसे एक ट्रस्ट देतोय, उरलेले आपण भरायचे. त्याचा ड्राफ्ट मी हॉस्पिटलच्या नावाने काढलाय, म्हणजे मध्ये कोणाला वटवता येणार नाही. तो मी मेल्यावर नाही, आत्ताच भरायचा. वैनी, तू स्वतः नेऊन दे. या कागदाप्रमाणे सगळं करून घेणं पण तुझ्याकडेच. डॉक्टरांनी पत्राच्या खाली माझ्यासाठी एक वेगळी ओळ लिहिली होती, की ऑपरेशनला याल तेव्हा तुमचाही हात बघू. त्या तिकिटाचे पैसे बाजूला ठेवलेले. मशीनला तेवढेच कमी पडत होते, म्हणून यातच घातले.

सही वाकडी आली आहे. ती माझीच आहे, दोघांच्या देखत केली.

आनंदा दामाजी नाखवा

साक्षीदार: दौलत सहदेव शिर्के, वर्तकनगर, ठाणे.
साक्षीदार: परशुराम रामा भंडारी, कल्याण.

लेबर कँप, अबुधाबी. १२ नोव्हेंबर १९९९.

सोबत ड्राफ्ट एक. रुपये दोन लाख एकतीस हजार फक्त.