वरचं कुंड

गुरुवार, २४ डिसेंबर २०१५

पोचलो एकदाचे! मस्कतमधून, घुब्र्याहून निघायलाच उशीर झाला, पण रुस्ताकच्या पुढे डोंगर लागले आणि जितेश गाणं गुणगुणायला लागला. रुसैलच्या त्याच्या कारखान्याने त्याला दोन महिने धड झोपू दिलं नव्हतं. गाव इवलंसं आहे. खजुराच्या बागा, मातीच्या भिंती आणि डोंगराच्या पोटातून आलेलं गरम पाणी थेट दारासमोरच्या पाटातून वाहतं. गेस्टहाऊस उस्मानभाई आणि आमिनाभाभी चालवतात. दोघं रत्नागिरीकडची. माझं मराठी ऐकून भाभींनी हातच धरला, रात्री बांगड्याचं कालवण केलं. आमची रेवा तर पाटातून बाहेरच येईना. भाभींनी तिच्यासमोरच बजावलं, डोंगराला लागून वर कुंड आहे, तिथे पोरीला सोडू नका, पाणी कडकडीत असतं.

दिवाळीनंतर प्रथमच तिघं निवांत जेवलो.

शुक्रवार, २५ डिसेंबर

सकाळी मी चहा घेत होते, तेवढ्यात रेवा दिसेना. वरच्या कुंडात सापडली. गळ्यापर्यंत पाण्यात, हसत. तिला ओढायला हात घातला तर माझ्या बोटांना फोड आले. तिचं अंग साधं लालसुद्धा नव्हतं.

बाहेर काढल्यावर कुडकुडायला लागली. ब्लँकेटं गुंडाळली, जितेशचं जाकीट घातलं, उन्हात बसवलं. ओठ निळे पडत गेले. "मम्मा, मला थंडी वाजतो," एवढंच तिच्या मोडक्या मराठीत पुन्हा पुन्हा म्हणत होती. रुस्ताकच्या दवाखान्यात डॉक्टरांनी थर्मामीटर बदलून पाहिला, मग मस्कतला न्या म्हणाले. गाडीत हीटर लावला होता, आम्ही घामाने निथळत होतो. ती बर्फासारखी. वाटेत तिचा श्वास थांबत आला. जितेशने गाडी मागे वळवली, त्या गरम पाण्याकडे.

पाटात ठेवल्यावर तिने डोळे उघडले.

शनिवार, २६ डिसेंबर

पाटातलं पाणी तिला पुरत नाही. सरकत सरकत वर जाते. दुपारी पुन्हा कुंडात होती. मी काठावर बसून राहिले, दुसरं काय करणार?

संध्याकाळी आमिनाभाभी भाताची थाळी घेऊन वर आल्या. कुंडाच्या मागे खडकात एक भोक आहे, पाणी तिथूनच उकळत येतं. थाळी त्यांनी तिथे ठेवली आणि हाक मारली, मुस्कान. मी विचारलं, मुस्कान कोण. माझी लेक, म्हणाल्या. सात वर्षांची असताना आत गेली. आतच आहे.

मग मी रेवाला विचारलं, काल तुला वर कोणी आणलं. तिने भाभींकडे बोट केलं.

मी भाभींचे खांदे धरून गदागदा हलवलं. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या,

"एकटी होती गो माझी पोर."

रविवार, २७ डिसेंबर

जितेश मोठे डॉक्टर आणायला गेलाय. उस्मानभाई त्याच्याबरोबर. जाताना माझ्याकडे बघवेना त्यांना.

रेवा कुंडाच्या मागच्या बाजूला. खडकापाशी. ये म्हटलं, येत नाही. आतल्या कुणाशी तरी इंग्रजीत बोलते. हसते.

दुपार

फोन लागत नाही. देवा, माझं काहीही घे —

तिचे पाय आत गेलेत. मी हात धरलाय. उजव्याने. डाव्याने लिहितेय. उजवा कोपरापर्यंत पाण्यात. कातडी — नाही, बघत नाही तिकडे.

"मम्मा, तू पण ये ना. इथे थंडी नाही वाजतो."

सोडणार नाही. नाही सोडणार.

आतून कुणीतरी तिला ओढतंय. इवल्या हातांनी. जितेश, मी हात सोडला नव्हता, तो माझ्या हातातून —