माझ्या पलंगावर बसलेली सात माणसं

दिनांक चौदा नोव्हेंबर, वार शुक्रवार, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. नानू, ही वेळ लक्षात ठेव. परदेशातल्या माझ्या पहिल्याच संध्याकाळी मी आंघोळ करून तुझ्या लेकीच्या खोलीत आले, तर माझ्या पलंगावर सात माणसं बसली होती.

असो. रीत सोडून चालणार नाही. तुला अनेक आशीर्वाद, तुझ्या बायकोलाही. तिची खांद्याची कळ थांबली का? तुझा रक्तदाब काय म्हणतो? (हे पत्र पुरतं वाचून झाल्यावर मोजून घे, आधी नको.) माझी तब्येत छान आहे, गुडघे सोडून. गुडघ्यांनी विमानात अबोला धरला तो अजून सोडलेला नाही. तुझ्या बायकोने विणून दिलेली लोकरीची टोपी मी निघताना हसण्यावारी नेली होती. ती आता माझ्या डोक्यावरून फक्त आंघोळीला उतरते, हे तिला सांग. माझ्या तोंडून असं कौतुक तिने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं असेल.

आता पलंगाकडे येते. मी नन्सच्या हाताखाली वाढले, हे तुला सांगायला नको. मदर सुपीरियरच्या राज्यात एकीच्या पलंगावर दुसरी बसली तर दोघींनाही पट्टी मिळायची, बसणारीला बसल्याबद्दल आणि दुसरीला बसू दिल्याबद्दल. पन्नास वर्षं झाली, माझा हात अजून त्या पट्टीची आठवण ठेवून आहे. आणि इथे माझ्या नव्या चादरीवर सात जणं दाटीवाटीने, मांडीवर ताटल्या घेऊन, भात-डाळ खात बसलेली! त्यात एक तुझी लेक, ती तर वाढत होती. बाकीची कोण ते मला मागाहून कळलं, पण तुला आत्ताच सांगते. एक लंबू, आपल्याच भाषेतला, खांबाएवढा. एक पाववाली, ती शिकता शिकता बेकरीत काम करते. एक सायकलवाला, तो लोकांची जेवणं घरोघर पोचवतो आणि स्वतः उपाशी परततो. एक गणिती, जो कधी बोलत नाही. आणि दोघी जुळ्या बहिणी, ज्या गणितीच्या वाटचंही बोलतात. घर एक, खोल्या सहा, सगळे विद्यार्थी, लंबू सोडला तर बाकीचे इतर देशांतून आलेले.

मला वाटलं, ही फुकटी टोळी माझ्या भावाच्या पैशांवर जेवते आहे. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. (लंबूला पाठ आहे, तो अजून नक्कल करून दाखवतो.) थोडक्यात, मी दार उघडून धरलं आणि सगळ्यांना ताटल्यांसकट बाहेर काढलं. मग तुला फोन केला आणि "तुझ्या लेकीने धर्मशाळा उघडली आहे" असं ओरडून सांगितलं. माझी चूक इतकीच, की सांगितलं ते तू ऐकलंस. आयुष्यात कधी माझं ऐकलं नाहीस, नेमकं तेव्हाच ऐकायची काय गरज होती? एका रात्रीत पोरीसाठी वेगळा फ्लॅट ठरवलास आणि अनामत भरायला गावाबाहेरचा तुझा प्लॉट विकायला काढलास! त्या प्लॉटवर म्हातारपणी घर बांधायचं म्हणून तू वीस वर्षं नकाशे काढतो आहेस, आणि दर नकाशात माझी खोली संडासाशेजारी.

तर आता खरं काय ते ऐक. इथे थंडी अशी, की खोलीत बसून तोंडाची वाफ दिसते. प्रत्येक खोलीला विजेचा हीटर आहे आणि विजेचं मीटरही ज्याचं त्याचं. आपापला हीटर आपण पेटवला, तर महिन्याचं बिल बघून माणूस थंडीशिवायच कापायला लागतो. भाडं भरलं की फी आठवते, फी भरली की जेवण विसरावं लागतं. म्हणून या पोरांनी पाळी लावली आहे. रोज संध्याकाळी एकच खोली गरम करायची, सगळ्यांनी तिथे अभ्यासाला बसायचं, आणि ज्याची पाळी त्याने एका पातेल्यात सगळ्यांचं जेवण करायचं. रविवारी ग्रंथालय, तिथली ऊब सरकारी. शुक्रवार तुझ्या लेकीचा. म्हणजे ती फुकटी टोळी नव्हती, नानू, ते सगळे नेमून दिलेल्या वेळी नेमून दिलेल्या जागी आले होते. मदर सुपीरियरला याहून जास्त शिस्त काय हवी होती?

हे पोरीने मला त्याच रात्री रडत सांगितलं. पण मी तुझी बहीण आहे, लगेच पटवून घेणं आपल्या घराण्यात नाही. शनिवारी पाववालीची पाळी होती. तिच्या खोलीत चल म्हणून पोरगी तीनदा म्हणाली. मी नाही म्हटलं. मग तीही गेली नाही, माझ्याशेजारी कोट घालून पुस्तक धरून बसली. दोघींचे दात वाजत होते, तिचे माझ्यापेक्षा लयीत.

तेवढ्यात दार वाजलं. लंबू विचारत होता, "आजी, आत येऊ का? पलंगाला हात लावणार नाही."

आणि वरात आत आली. पुढे पाववाली पातेलं घेऊन, मागे सायकलवाला तिचा हीटर उचलून, आणि त्या हीटरला जोडलेली लांबच लांब लाल वायर, पाववालीच्या खोलीतून निघून, जिना उतरून, आमच्या दाराखालून आत आलेली. मी म्हटलं, "अरे, इथे भिंतीत प्लग आहे की!" तर जुळ्या एकदम काहीतरी बोलल्या आणि लंबूने सांगितलं, "आज पाळी तिची आहे, आजी. तुमचं मीटर कशाला फिरवायचं?" मग त्यांनी बसायला काय आणलं असेल? बादल्या! न्हाणीघरातल्या बादल्या उपड्या घालून सगळे ओळीने बसले, गणिती तर कचऱ्याच्या डब्यावर. माझा अख्खा पलंग रिकामा.

 पाववालीने माझ्या हातात पहिली ताटली दिली, पावाचा मऊ भाग माझ्या बाजूला करून. (माझ्या दातांचं तिला कोणी सांगितलं, याची चौकशी मी मागाहून करणार आहे.) मी म्हटलं, "उठा त्या बादल्यांवरून, आणि इकडे वर बसा सगळे. पाय पुसून!"

नानू, तुझ्या लेकीला पैसे कमी पडतात, हे खरं आहे. माणसं कमी पडत नाहीत. परवा तिला ताप आला तेव्हा सायकलवाल्याने एक फेरी बुडवून औषध आणलं. त्या फ्लॅटमध्ये ती एकटी बसेल, काटकसरीने हीटरही लावणार नाही आणि तुला फोनवर "सगळं मस्त आहे, बाबा" म्हणेल. मी या पोरांची कायमची ऋणी आहे. तूही हो. फ्लॅट रद्द कर. प्लॉटला हात लावू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. पोस्टाचं तिकीट एका जेवणाच्या किमतीचं आहे असं कळलं. म्हणून लंबू या पानांचे फोटो काढून तुला पाठवतो आहे. त्याने पत्र वाचलेलं नाही, असं तो म्हणतो आणि हसतो.

ता. क. २. माझं परतीचं तिकीट महिनाभर पुढे ढकललं आहे. शुक्रवारचं पातेलं आता माझ्याकडे आहे आणि गणितीने काल दुसऱ्यांदा भात मागितला. तो बोलला, हे विशेष.

ता. क. ३. पलंग मोडला. काल आम्ही आठही जणं वर होतो. पहिला कडकड आवाज माझ्या बाजूने आला असं सर्वांचं मत आहे, मी ते लेखी मान्य करणार नाही. घरमालकीण एक तारखेला खोल्या तपासायला येते. तेव्हा फ्लॅटच्या अनामतीऐवजी एका पलंगापुरते पैसे पाठव, दणकट, लोखंडी, आठ जणांचा. आणि फ्लॅट रद्द केल्याचं व प्लॉट न विकल्याचं उत्तर मला तीस नोव्हेंबरला संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांच्या आत मिळालं पाहिजे. फोन चालणार नाही. लेखी हवं, सहीनिशी.